मोघम बोलण्याचं नुकसान कोण मोजणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत संवादकौशल्यावर लेख आलाय तो वाचला. लेख तसा बरा होता, भाषा पण सोपी, पण त्यात एक वाक्य आहे जे मी आतापर्यंत इतक्या ठिकाणी ऐकलंय की आता गप्प बसवत नाही. वाक्य असं, की आपण समोरच्यापर्यंत जे पोचवतो त्यात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. ऑफिसच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये ही स्लाइड असतेच, मोटिव्हेशनल स्पीकर मंडळी ह्याच्यावर अर्धा तास आरामात काढतात, आणि फॉरवर्डचं तर विचारूच नका. जरा हिशोब करून बघावा असं मात्र कुणाला वाटत नाही. शब्द खरंच ७ टक्के असते तर अजिबात न येणाऱ्या भाषेतलं भाषण टीव्हीवर बघून ९३ टक्के कळायला पाहिजे होतं की नाही? कळतं का? माणूस चिडलाय का हसतोय एवढं कळतं, कशावर ते नाही कळत.

हे आकडे आले अल्बर्ट मेहराबियन नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या प्रयोगांमधून. प्रयोग छोटेच होते, टेपवर सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या टोनमध्ये ऐकवायचे, कधी सोबत चेहऱ्याचे फोटो दाखवायचे, आणि विचारायचं की बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो का नावडतो. म्हणजे प्रश्न फक्त भावनेचा, तोही शब्द एक सांगतोय आणि चेहरा दुसरंच सांगतोय अशा वेळचा. अशा वेळी माणूस चेहऱ्यावर विश्वास ठेवणार हे सांगायला प्रयोगही नको. खुद्द मेहराबियननेच स्पष्ट केलंय की हे सूत्र आवडनावड आणि भावनांपुरतं आहे, सगळ्या संवादाला लावू नका. पण ते कोण वाचतो, स्लाइडवर तीन आकडे छान दिसतात आणि बेरीज बरोब्बर १०० येते.

हे झालं आकड्यांचं. माझं खरं म्हणणं पुढे आहे (पत्र लांबतंय ह्याची कल्पना आहे, काटछाट केलीत तरी चालेल). शब्दांच्या ताकदीवर लिहायचं म्हटलं की सगळ्यांची गाडी लगेच 'गोड बोला'वर जाऊन थांबते. शब्द जपून वापरा, शब्दांनी मनं तुटतात, शब्दांनी मनं जुळतात. पाण्याला चांगलं बोललं की सुंदर स्फटिक तयार होतात असलं काहीबाही पण त्यात येऊन जातं, त्याच्यावर मी वेळ घालवत नाही. मनं तुटतात हे खरंय, नाही म्हणतच नाही. पण मला वाटतं की कडू बोलून जेवढं नुकसान होतं त्याच्यापेक्षा मोघम बोलून, गुळमुळीत बोलून, अर्धं बोलून अर्धं गिळून जास्त होतं, फक्त ते कुणाच्या लक्षात येत नाही. भांडण झालं की चार लोकांना ऐकू जातं, त्याची चर्चा होते, माफ्या मागितल्या जातात. मोघम बोलण्याची चर्चा कोण करणार, ऐकणाऱ्याला तेव्हा ते चांगलंच वाटलेलं असतं.

ह्याचं सगळ्यात भयानक उदाहरण विमानांचं आहे. २७ मार्च १९७७, कॅनरी बेटांपैकी टेनेरिफ. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटल्यामुळे बरीच विमानं ह्या छोट्या विमानतळावर वळवलेली, त्यात धुकं असं उतरलेलं की टॉवरला धावपट्टी दिसेना आणि विमानांना एकमेकं दिसेनात. म्हणजे चेहरा, हातवारे, ते ५५ टक्के सगळं बाद, उरले फक्त रेडिओवरचे शब्द. केएलएम ह्या डच कंपनीचं जंबो धावपट्टीच्या टोकाला तयार उभं, आणि अमेरिकेच्या पॅन ॲम कंपनीचं जंबो त्याच धावपट्टीवरून हळूहळू पुढे येतंय. केएलएमच्या को-पायलटने रेडिओवर जे वाक्य म्हटलं त्याचा अर्थ 'आम्ही उड्डाणाच्या जागी थांबलोय' असाही लागतो आणि 'आम्ही निघालोय' असाही. टॉवरवाला म्हणाला 'ओके'. मग जरासा थांबून पुढे म्हणाला, थांबा, मी सांगतो तेव्हा निघा. पण नेमकं तेव्हाच पॅन ॲमवाले 'आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत' हे सांगायला लागले, दोन्ही आवाज एकाच फ्रिक्वेन्सीवर एकमेकांत घुसले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये 'ओके' तेवढं स्वच्छ ऐकू आलं, पुढचं कर्कश शिट्टीत गेलं. केएलएम सुटलं ते थेट पॅन ॲमवर जाऊन आदळलं, ५८३ माणसं मेली.

ह्यात मला सगळ्यात जास्त छळणारा भाग वेगळाच आहे. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती! त्याने विचारलं पण होतं, ते पॅन ॲम अजून बाजूला झालेलं नाही का. कॅप्टन ठासून म्हणाला, झालंय की. कॅप्टन म्हणजे साधासुधा नव्हे, कंपनीत इतर पायलटना ट्रेनिंग देणारा, सगळे ज्याला मानायचे असा माणूस. इंजिनिअर पुढे काही बोलला नाही. शंका खरी होती, वेळेवर आली होती, तोंडातून बाहेर पण पडली होती, पण प्रश्न म्हणून पडली, आणि प्रश्नाला वरच्या माणसाने ठासून उत्तर दिलं की विषय संपतो. 'थांबवा' ह्या शब्दाला 'हो' म्हणून उडवता येत नाही, त्याच्यावर काहीतरी करावंच लागतं.

नंतर काय झालं बघा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पायलटांना 'प्रेमाने बोला' असं कुणी शिकवलं नाही. शब्दच बदलले. 'टेकऑफ' हा शब्द आता उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा, बाकी सगळीकडे 'डिपार्चर' म्हणायचं. नुसतं 'ओके' चालत नाही, महत्त्वाची सूचना मिळाली की ती परत म्हणून दाखवायची म्हणजे ऐकण्यात चूक झाली असेल तर तिथल्या तिथे पकडली जाते. आणि ज्युनिअरने सीनिअरला कसं टोकायचं, सीनिअरने ते कसं ऐकायचं ह्याचं वेगळं ट्रेनिंग पुढच्या काही वर्षांत सुरू झालं.

तरीही १९९० च्या २५ जानेवारीला न्यूयॉर्कजवळ ॲव्हियांका ह्या कोलंबियन कंपनीचं विमान पडलं ते इंधन संपून. खराब हवामानामुळे आकाशात घिरट्या घालत थांबवलेलं, इंधन संपत आलंय हे कॉकपिटमध्ये सगळ्यांना माहीत. को-पायलटने खालच्या कंट्रोलरला सांगितलं पण, म्हणजे एका सूचनेला होकार देता देता त्याच वाक्याच्या शेवटी, आणि आमचं इंधन संपत चाललंय सर, असं. 'इमर्जन्सी' हा शब्द एकदाही उच्चारला नाही. तो उच्चारला असता तर सगळी विमानं बाजूला करून ह्यांना उतरवलं असतं, कारण त्या शब्दाला तिथे नियमाचं वजन आहे. १५८ पैकी ७३ जण गेले. सांगितलं होतं का, तर होतं. पोचलं का, तर नाही. आणि तो शेवटचा 'सर' वाचला की मला कसंतरीच होतं.

आता म्हणाल विमानाचं सोडा, आपण काय विमान चालवतो का. नाही चालवत. पण तुमच्या आमच्या दिवसभराच्या बोलण्यात काय असतं ते आठवा. 'बघू.' 'करतो.' 'जमलं तर येतो.' 'होऊन जाईल.' 'तसं काही नाही.' 'तुम्हाला योग्य वाटेल तसं.' ह्यातला एक तरी शब्द असा आहे का की ज्याच्यावर विसंबून समोरचा माणूस काही ठरवू शकेल? 'बघू'मध्ये साठ टक्के वेळा नाही असतं, आणि ते नाही आहे हे समोरच्याने आपणहून ओळखायचं, नाही ओळखलं तर तोच मठ्ठ. एखाद्याने पैसे मागितले, नोकरीसाठी शब्द टाकायला सांगितलं, आपल्याला जमणार नाहीये हे पहिल्याच मिनिटाला माहितीये, पण नाही म्हणून वाईट कशाला व्हा, म्हणून 'बघतो मी'. तो बिचारा दुसरीकडे प्रयत्न करत नाही, वाट बघत बसतो, महिना जातो. आपण मात्र गोड बोललो म्हणून खूश. सरळ नाही म्हटलं असतं तर त्याचा तो महिना तरी वाचला असता. (साठ टक्के हा आकडा माझा अंदाज आहे बरं का, उगाच उद्या कुणाच्या स्लाइडवर जायचा.)

घरात तर अजून मजा. 'काय झालं?' 'काही नाही.' ह्या दोन वाक्यांवर किती संध्याकाळी वाया गेल्या असतील जगभरात. काहीतरी झालंय हे दोघांना माहीत, पण एकाला वाटतं मी सांगायची गरजच काय, ह्याला कळायला पाहिजे, आणि दुसऱ्याला वाटतं विचारलं की मी, अजून किती विचारायचं. दोघंही आपापल्या परीने शांतता राखतायत. आणि मग तीन आठवड्यांनी भलत्याच कारणावरून स्फोट होतो आणि सगळे म्हणतात शब्दाने शब्द वाढला. शब्द वाढला नाही हो, तीन आठवडे शब्द निघालाच नाही.

गोड शब्द सुद्धा प्रत्येक वेळी चांगलंच करतात असं नाही. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक ह्या दोघींचा १९९८ चा अभ्यास आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलांना कोडी सोडवायला दिली, झाल्यावर काहींना म्हटलं तू हुशार आहेस, काहींना म्हटलं तू मेहनत केलीस. मग मुद्दाम अवघड कोडी देऊन सगळ्यांना अडकवलं, आणि परत पहिल्यासारखी सोपी दिली. 'हुशार' म्हटलेल्या मुलांची कामगिरी घसरली, मेहनतीचं कौतुक झालेल्यांची सुधारली. ह्याहून धक्कादायक म्हणजे आपले मार्क दुसऱ्या शाळेतल्या मुलाला लिहून कळवायला सांगितलं तेव्हा हुशारवाल्या गटात ३८ टक्के मुलांनी आकडा फुगवून सांगितला, मेहनतवाल्यांत १३ टक्के. आता ह्याचा अर्थ मुलाला हुशार म्हटलं की तो खोटारडा होतो असा काढू नका, एका प्रयोगावरून एवढी उडी नको. पण 'वा, काय हुशार आहे' हे आपण किती सहज फेकतो आणि त्याने त्या पोराच्या डोक्यावर काय ठेवलं जातं ह्याचा विचार करायला हरकत नाही.

बोलण्यात विचारणं पण आलंच, आणि तिथे आपण सगळ्यात कच्चे. डॉक्टर-पेशंटच्या बोलण्यावर बरंच काम झालेलं आहे. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल ह्यांनी दाखवलं की पेशंटने तक्रार सांगायला सुरुवात केली की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्ये तोंड घालतो. लगेच डॉक्टरांवर घसरू नका, घरी आपण १८ सेकंद तरी देतो का ते बघा आधी. आणि २००७ चा जॉन हेरिटेज आणि सहकाऱ्यांचा अभ्यास तर मला फार आवडतो. पेशंट एका कारणासाठी येतो पण मनात अजून एखाददोन गोष्टी असतात, त्या राहून जातात. म्हणून डॉक्टरांना एक जादा प्रश्न विचारायला सांगितलं, आणि त्या प्रश्नात इंग्रजीतला फक्त एक शब्द दोन प्रकारे ठेवला. एका प्रकारात प्रश्नाचा सूर 'अजून काही नाही ना?' ह्याच्या जवळचा, दुसऱ्यात 'अजून काहीतरी सांगायचंय ना?' असा. पहिल्या प्रकाराने काही विशेष फरक पडला नाही. दुसऱ्या प्रकाराने राहून जाणाऱ्या तक्रारींपैकी ७८ टक्के कमी झाल्या. तपासणीचा वेळ पण वाढला नाही! आता आपण मीटिंगच्या शेवटी फाइल मिटता मिटता 'कुणाला काही शंका नाही ना?' असं विचारतो ते कुठल्या प्रकारात बसतं तुम्हीच ठरवा. त्या प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर पाहिजे असतं आणि ते मिळतं.

ऐकायला जमत नाही ह्याचं एक कारण आपल्या बनावटीतच आहे म्हणा. तान्या स्टिव्हर्स आणि इतर संशोधकांनी २००९ मध्ये दहा भाषांमधल्या गप्पा मोजल्या, तर एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, पापणी लवते न लवते तोवर. आणि तोंडातून एखादा शब्द तयार होऊन बाहेर पडायला त्याच्या जवळपास तिप्पट वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर आत शिजत असतं, दुसरा मार्गच नाही. म्हणून तर परत म्हणून दाखवायची ती पायलटांची सवय मला घरगुती वापराची वाटते. 'म्हणजे तू म्हणतेस की शनिवारी नको, रविवारी चालेल, बरोबर?' एवढंच. सुरुवातीला चमत्कारिक वाटतं, घरचे हसतात.

आता कुणी म्हणेल एवढं सगळं बोलत कशाला बसायचं, मेसेज करा की, लिहिलेलं राहतं. कामाच्या गोष्टी जरूर लिहा, वेळ, पत्ता, आकडा लिहिलेलाच बरा. पण टोन लिहिता येत नाही आणि आपल्याला वाटतं येतो. क्रूगर, एपली आणि इतरांच्या २००५ च्या प्रयोगात लोकांनी काही वाक्यं ईमेलने पाठवली, काही आवाजात ऐकवली, काही गंभीर काही टोमण्याची, आणि ओळखायचं होतं कुठलं कुठलं. पाठवणाऱ्यांना वाटत होतं की आपलं म्हणणं चारपैकी तीनदा तरी नक्की कळेल. आवाजात जवळपास तेवढं कळलं. ईमेलवर ५६ टक्के, म्हणजे नाणं उडवल्यापेक्षा थोडंसंच बरं. विस्कॉन्सिन विद्यापीठात लेस्ली सेल्ट्झर आणि सहकाऱ्यांनी सात ते बारा वर्षांच्या मुलींना अनोळखी लोकांसमोर भाषण आणि गणितं करायला लावून ताण दिला आणि मग आईशी संपर्क करू दिला. आई प्रत्यक्ष भेटली किंवा फोनवर नुसती बोलली तरी ताणाचं हार्मोन उतरलं आणि आपुलकीशी जोडलेलं ऑक्सिटोसिन वाढलं. पुढच्या प्रयोगात आईशी फक्त चॅट करू दिलं, तर ज्या मुलींचा आईशी काहीच संपर्क झाला नव्हता त्यांच्यासारखीच ह्यांची स्थिती. मला ह्यात नवल एवढंच वाटलं की फोनवर चेहरा नाही, मिठी नाही, आणि तरी काम झालं.

कडू शब्दांबद्दल थोडंच लिहितो कारण त्याच्यावर सगळेच लिहितात. एक गोष्ट मात्र सांगायला हवी, ती आठवणीची. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर ह्यांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली आणि वेग किती होता विचारलं. प्रश्नात काहींना गाड्या 'धडकल्या' असं म्हटलं, काहींना 'आदळून चुरा झाल्या' अशा अर्थाचं क्रियापद वापरलं. फिल्म तीच, पण दुसऱ्या गटाने वेग जास्त सांगितला. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? काच फिल्ममध्ये नव्हतीच. तरी चुरावाल्या ५० जणांपैकी १६ जण हो म्हणाले, धडकवाल्या ५० पैकी ७. आता घरातलं भांडण घ्या. कालचा प्रसंग सांगताना आपण 'तो बोलला' म्हणतो का 'तो अंगावर आला' म्हणतो, 'विसरलीस' म्हणतो का 'मुद्दाम टाळलंस' म्हणतो, आणि तेच तेच चार जणांना सांगतो. पाचव्यांदा सांगेपर्यंत आपल्याला स्वतःलाच काच दिसायला लागते.

शेवटचा मुद्दा वरच्या माणसांसाठी, म्हणजे घरातले मोठे, ऑफिसातले साहेब, शाळेतले हेडमास्तर. स्पष्ट बोला स्पष्ट बोला असं खालच्यांना सांगून उपयोग नाही, त्या फ्लाइट इंजिनिअरला काय बोलायचं ते येत नव्हतं थोडंच. ऑपरेशन थिएटरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक चेकलिस्ट आणली, त्यात चिरा देण्याआधी एक मिनिट थांबून टीममधल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं असतं, नर्सने सुद्धा. २००९ मध्ये आठ देशांतल्या आठ हॉस्पिटलांचे आकडे आले, ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ वर. ह्यात चेकलिस्टमधल्या बाकी गोष्टींचा पण वाटा आहेच, पण एकदा तोंड उघडून स्वतःचं नाव सांगितलेला माणूस नंतर काही चुकताना दिसलं तर बोलायची शक्यता जास्त, असं त्यामागचं गणित. आणि हो, दुसरी बाजू पण सांगतो, कॅनडातल्या ऑन्टारिओत १०१ हॉस्पिटलांमध्ये हीच चेकलिस्ट सक्तीने लागू झाली, त्यावरच्या २०१४ च्या अभ्यासात मृत्यूंत लक्षणीय फरक दिसला नाही. माझा तर्क असा की सक्ती झाली की खुणा भराभर केल्या जातात, बोलणं होतंच असं नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. मीटिंग असो नाहीतर घरातला निर्णय, सगळ्यात लहान किंवा सगळ्यात नवा जो असेल त्याने आधी बोलायचं आणि वरच्या माणसाने सगळ्यात शेवटी. साहेब एकदा बोलले की बाकीच्यांचं 'अगदी बरोबर सर' सुरू होतं, मग मतं मिळत नाहीत, फक्त माना मिळतात. हे कुणी करून बघितलं असेल, चाललं असेल किंवा सपशेल फसलं असेल, तर त्या वाचकांनी ह्याच सदरात जरूर लिहावं, मला विशेषतः फसलेले अनुभव वाचायचेत.

कळावे,
आपला एक नियमित वाचक